सेरेंगेटीला कधी जायचं? आधी पाऊस कुठे पडतोय ते बघा

गेल्या दिवाळीत मामेबहिणीचा फोन आला. "दादा, ते आफ्रिकेतलं मायग्रेशन कधी असतं रे? पोरांना मे महिन्यात सुट्टी आहे. तेव्हा जाऊन बघून येऊ म्हणतोय."

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. टीव्हीवर नदीत उड्या घेणारे हजारो प्राणी आणि खाली टपलेल्या मगरी बघितल्या, की असं वाटतं की ही एखादी जत्रा असावी. तारीख ठरलेली, आपण फक्त पोचायचं. पण ते स्थलांतर वर्षभर चालूच असतं. म्हणून "कधी?" विचारून हाती काही लागत नाही. "आम्हाला अमुक महिन्यात सुट्टी आहे, तेव्हा कळप कुठे असतील?" असं विचारलं की सगळं गणित सुटायला लागतं.

हे गणित मराठी माणसाला खरं तर परकं नाही. आपले मेंढपाळ धनगर हेच करतात. पावसाळ्यात त्यांचे वाडे सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतल्या माळांवर असतात. तिथे पाऊस बेताचा, गवत खुरटं पण कसदार, आणि मेंढरांच्या पायाखाली चिखल नाही. दिवाळीनंतर माळ करपले, पाणवठे आटले, की वाडा घाट उतरून कोकणाकडे निघतो. मृगाच्या आधी परत वर. म्हणजे ओले दिवस कोरड्या मुलखात काढायचे आणि कोरडे दिवस ओल्या मुलखात.

सेरेंगेटीतले सुमारे 13 लाख वाइल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी मोठी, शिंगाळ हरणं) आणि त्यांच्यासोबतचे दोन लाखांहून जास्त झेब्रे नेमकं हेच करतात. फक्त त्यांना घाट उतरायचा नसतो, नद्या ओलांडायच्या असतात.

माळ, राख आणि दूध

नकाशा डोळ्यांसमोर आणा. टांझानियाच्या उत्तरेला सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान, 14,763 चौरस किलोमीटर. त्याच्या वरच्या टोकाला लागूनच केनियाचं मसाई मारा, सुमारे 1,500 चौरस किलोमीटर. मध्ये देशाची सीमा आहे, पण ती माणसांसाठी. सेरेंगेटीच्या आग्नेयेला न्गोरोंगोरोचा उंच डोंगराळ प्रदेश आहे. तो पूर्वेकडून येणारा पाऊस अडवतो, त्यामुळे त्याच्या सावलीतल्या दक्षिणेकडच्या माळांवर वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो. वायव्येकडे सरकत गेलात की तो वाढत वाढत 1,000 च्या पुढे जातो. म्हणजे दक्षिण-आग्नेय आपला माण-खटाव आणि उत्तर-वायव्य भाग त्या मानाने ओला.

मग पावसाळ्यात सगळी जनावरं कमी पावसाच्या भागात का जमतात? त्याचं उत्तर मातीत आहे. न्गोरोंगोरोच्या बाजूला ज्वालामुखींची रांग आहे. त्यातला ओल डोइन्यो लेंगाई अजूनही जिवंत आहे, मसाई लोक त्याला देवाचा डोंगर म्हणतात. या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं दक्षिणेच्या माळांवर पडत आली. त्या मातीत कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर आहे, पण थोडं खाली गेलं की राखेचा सिमेंटसारखा कडक थर लागतो. झाडांची मुळं तिथे थांबतात, त्यामुळे नजर पोचेल तिथवर झाड नाही, नुसतं घोट्याएवढं गवत. पोटात पिल्लू असलेल्या किंवा दूध पाजणाऱ्या मादीला यापेक्षा चांगला चारा नाही. शिवाय मोकळ्या माळावर सिंह लपून येऊ शकत नाही.

पण तिथे बारमाही नदी नाही. मे महिन्यात तिथला पाऊस ओसरत जातो, डबकी आटतात, उरलेलं पाणी खारट होत जातं आणि मुक्काम हलतो. आधी झेब्रे उंच गवताचे जाड काडे खात पुढे जातात, मागून वाइल्डबीस्ट, आणि त्यांच्याही मागे बारीक पाला वेचणारी थॉमसन गझेल ही छोटी हरणं. जूनच्या आसपास पश्चिमेकडे ग्रुमेती नदीच्या भागात, जुलैपासून उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही तीरांवर. ऑक्टोबरपर्यंत हा मुक्काम तिथेच असतो, आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिणेवर पुन्हा ढग दिसायला लागले की परतीचा प्रवास सुरू.

यात एक खोच आहे. तिथला पाऊस आपल्या वळवासारखा पडतो. या टेकडीवर धो-धो आणि पलीकडच्या माळावर थेंब नाही. त्यामुळे कळप घड्याळाच्या काट्यासारखे फिरत नाहीत. जिथे कोवळं गवत फुटलं तिकडे वळतात, कधी चार दिवस मागेसुद्धा येतात. इंटरनेटवर दिसणारे गोल बाणांचे नकाशे सरासरी सांगतात. "अमुक तारखेला नदी ओलांडणार" असं छातीठोक सांगणारा एजंट भेटला तर दुसरा शोधा.

पन्नास वर्षांपूर्वीचा 'सनातन' देखावा

हा कळपांचा पूर अनादी काळापासून असाच चालत आला असेल असं वाटतं, पण तसं नाही. 1890 च्या दशकात पूर्व आफ्रिकेत बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या रोगाची, साथ आली. जुन्या शेतकऱ्यांना हा शब्द अजून धडकी भरवतो. मसाईंची गुरं तिने पटापट मारली आणि वाइल्डबीस्टही. 1958 च्या सुमारास जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी छोट्या विमानातून सेरेंगेटीतली जनावरं मोजायला सुरुवात केली. त्याच कामात जानेवारी 1959 मध्ये विमान पडून मिखाएल गेला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या घरात होते.

मग आजूबाजूच्या गावांतल्या गुरांना लस टोचली गेली. जंगली जनावरांना कोणी हातही लावला नाही, पण गुरांतला रोग थांबला तसा त्यांच्यातलाही थांबला. 1977 पर्यंत आकडा तेरा लाखांवर गेला होता. एवढी तोंडं गवत खायला लागल्यावर वाळकं गवत उरेना, वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाल्यावर झाडं वाढायला लागली. गाईला टोचलेल्या सुईने जंगल वाढलं म्हणायचं! बुळकांडी जगातून संपल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं.

फेब्रुवारी: मला विचाराल तर हाच

बहुतेकांना नदी ओलांडणं बघायचं असतं. माझं मत वेगळं आहे. एकदाच जायचं असेल तर फेब्रुवारीत दक्षिणेला, न्दुतूच्या परिसरात जा.

वाइल्डबीस्टच्या माद्या वर्षाला चार-पाच लाख पिल्लं देतात, आणि त्यातली बहुतेक दोन-तीन आठवड्यांत. एवढी घाई कशाला? तरसं आणि सिंह दिवसाला खाऊन खाऊन किती खाणार? पिल्लं वर्षभर थोडी थोडी जन्माला आली असती तर एकेक करून सगळी गेली असती. सगळी एकदम आली की शिकाऱ्याचं पोट भरतं आणि बाकीची वाचतात.

मी पाहिलेलं सांगतो. सकाळचे साडेआठ, गाडी बंद. पंचवीस-तीस पावलांवर एक मादी कळपापासून जराशी बाजूला झाली, बसली, उठली, परत बसली. मागे पिल्लाचे दोन पाय दिसत होते. आमचा ड्रायव्हर हलक्या आवाजात म्हणाला, "न्युम्बू." स्वाहिलीत वाइल्डबीस्टचं नाव. पिल्लू धप्पकन खाली पडलं. ओलं, तपकिरी, कागदी लिंबासारखं चकचकीत. मादीने चाटायला सुरुवात केली. पिल्लाने पुढचे पाय टेकले, मागचे उचलले, तोंडावर आपटलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला चार पायांवर उभं राहिलं, पण चारही पाय चार दिशांना. मी घड्याळ बघितलं, सात मिनिटं झाली होती. थोड्या वेळाने ते आईच्या मागे दुडकत निघालंसुद्धा. आईची वार अजून लोंबत होती आणि दोन कोल्हे तिच्याच आशेवर लांब बसले होते.

नदीचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये मारा नदीच्या काठावर मी तीन तास बसलो आहे. समोरच्या तीरावर हजारो जनावरं, धुळीचा लोट, हंबरण्याचा अखंड आवाज. पुढचं जनावर पाण्यापर्यंत उतरायचं, वास घ्यायचं आणि मागे वळायचं. मग मागचे ढकलायचे. शेवटी एक झेब्रा कशाला तरी बिचकला आणि अख्खा कळप उधळून टेकडीमागे गेला. तीस-चाळीस गाड्या, सगळ्यांचे कॅमेरे सज्ज, आणि समोर रिकामी नदी. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्ही नाश्ता करत असताना नदी ओलांडली.

दिसलं तर ते दृश्य जन्मभर विसरणार नाही, हे खरं. फक्त मगरीच सगळ्यांना खातात हा समज सोडा. वर्षाला सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट मारा नदीत मरतात ते मुख्यतः बुडून आणि चेंगरून. मगरी त्यातला थोडाच वाटा खातात. उरलेलं गिधाडं, मरबू करकोचे आणि मासे वाटून घेतात, आणि हाडं पुढे कित्येक वर्षं विरघळत नदीला खत पुरवतात.

आपली सुट्टी आणि तिथलं पंचांग

आता मूळ दुखणं. मराठी घराची सुट्टी म्हणजे मे, दिवाळी, फार तर नाताळ. पूर्व आफ्रिकेत पावसाचे दोन हंगाम असतात. मार्च ते मे लांब पाऊस, ज्याला तिथे मसिका म्हणतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आखूड पाऊस, वुली. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला जाताना एकदा त्यांच्या डोक्यावरून जातो आणि परतताना पुन्हा. आपल्याकडे जूनमध्ये मान्सून येतो तो याच पट्ट्याच्या उत्तरेकडे सरकण्याचा भाग. म्हणजे त्यांचा पाऊस संपतो तेव्हा आपला सुरू होतो.

मे महिन्यात म्हणून सेरेंगेटी-मारा अवघड. कितीतरी कँप बंद असतात. माराची माती काळी, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी. पाऊस पडला की गाडी रुतलीच समजा. उलट बाजू अशी की जे कँप चालू असतात ते बरेच स्वस्त मिळतात, गर्दी नसते, आणि कळप मध्य सेरेंगेटीतून पश्चिमेकडे लांबच लांब रांगा करून चाललेले असतात. ज्याला आभाळ भरून आलेलं आवडतं, त्याने जरूर जावं. लहान मुलं घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्याला मात्र मी नको म्हणतो.

मे मध्येच जायचं असेल तर देश बदला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात तेव्हा उन्हाळी पाऊस संपून कोरडा हिवाळा लागत असतो. झाडांची पानं गळायला लागतात, गवत बसतं, आणि जनावरं पाण्याकडे यायला लागतात. ताडोबात आपण एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात का जातो? पाणवठा एक, त्यामुळे वाघ तिथेच येणार. तोच न्याय इथे, फक्त उकाड्याऐवजी पहाटे कडाक्याची थंडी. क्रूगर जवळजवळ 20,000 चौरस किलोमीटरचं आहे, आत डांबरी रस्ते आहेत, आणि स्वतःची भाड्याची गाडी चालवत फिरता येतं. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असल्यामुळे आपल्या माणसाला सोपं.

हाच कोरडा काळ नामिबियातल्या एतोशा उद्यानालाही लागू. तिथे ओकाउकुएयोच्या मुक्कामाच्या जागेला लागूनच पाणवठा आहे, रात्री त्यावर दिवे असतात. बाकावर बसून राहायचं, हत्ती आणि गेंडे आपणहून येतात. बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या पाणथळ मुलखाची गंमत उलटी. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, ते पाणी सपाट मुलखातून इतकं हळू सरकतं की बोत्स्वानात पूर येतो तो ऐन कोरड्या जून-जुलै-ऑगस्टमध्ये. आभाळ निरभ्र आणि खाली पाणीच पाणी.

दिवाळी लवकर, म्हणजे ऑक्टोबरात आली, तर नशीब. मारात कळप बहुधा अजून असतात. टांझानियातलं तरंगिरे उद्यानही त्या वेळी जोरात असतं. आजूबाजूचा सगळा मुलूख वाळलेला आणि मधून तरंगिरे नदी, त्यामुळे हत्तींचे कळपच्या कळप वाळूत सोंडेने खड्डे करून पाणी काढताना दिसतात. तिथली जाडजूड बाओबाबची झाडं बघून आपल्याकडची गोरखचिंच आठवेल, ती हीच. नोव्हेंबरात वुली सुरू झाली की हे हत्ती पांगतात. नाताळात कळप दक्षिणेच्या माळांकडे पोचत असतात, पिल्लं अजून नसतात, पण सगळं हिरवंगार आणि पाहुण्या पक्ष्यांची रेलचेल असते. त्यातला अमूर ससाणा तर आपल्या ओळखीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडला थांबतो, मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरतो. एवढासा पक्षी, पण सफरीचं नियोजन आपल्यापेक्षा चोख.

आणि कोणत्याही महिन्यात चालणाऱ्या जागाही आहेत. न्गोरोंगोरोचं विवर सुमारे 600 मीटर खोल. तळाशी गोडं पाणी, दलदल आणि गवत बारमाही, त्यामुळे बरीचशी जनावरं तिथेच राहतात. काळा गेंडा बघायचा तर इथे. जिराफ मात्र तळाशी नसतो. विवराच्या काठावर रात्री स्वेटर लागतोच. मध्य सेरेंगेटीतलं सेरोनेराही तसंच, कारण सिंह स्थलांतर करत नाहीत. त्यांचा इलाखा ठरलेला असतो, कळप आले की चैन आणि गेले की उपास. गवतातून वर आलेल्या ग्रॅनाइटच्या कातळांवर सकाळी सकाळी सिंहिणी ऊन खात पडलेल्या दिसतात.

पैसे आणि कागदपत्रं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सात दिवसांत पाच उद्यानं. टांझानियातल्या अरुशा शहरातून सेरोनेराला रस्त्याने सहज सात-आठ तास लागतात, नैरोबीहून माराला पाच-सहा. असं पॅकेज घेतलं की जनावरांपेक्षा पेट्रोल पंप जास्त बघून होतात. दोनच जागा घ्या आणि प्रत्येकीला तीन-तीन रात्री द्या. 'मारा आणि सेरेंगेटी लागूनच आहेत, सहज दोन्ही होतील' असंही कोणी म्हणेल. जनावरांना होतात. पर्यटकाला तिथून थेट पलीकडे जाता येत नाही, लांबच्या अधिकृत नाक्यावरून वळसा घालावा लागतो. केनिया, युगांडा आणि रवांडाचा मिळून जो एक व्हिसा आहे, त्यात टांझानिया नाही.

प्रवेश शुल्क माणशी आणि दिवसाच्या हिशेबाने लागतं, आणि पॅकेजचा मोठा भाग त्यातच जातो. मारात 2024 पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर असा दर ठरला. बुकिंगआधी चालू दर बघूनच घ्या. माराच्या कडेला मसाईंच्या जमिनी भाड्याने घेऊन चालवलेली खासगी राखीव रानं आहेत. ती महाग आहेत, पण तिथे गाड्या मोजक्याच, रात्रीची फेरी मारता येते आणि पायीही फिरता येतं. एजंटला एक प्रश्न हमखास विचारा: गाडीत माणसं किती, आणि प्रत्येकाला खिडकी आहे का? मधल्या सीटवरून सिंह दिसत नाही, शेजाऱ्याचा खांदा दिसतो.

केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा अपॉइंटमेंट शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. केनियातून टांझानियात जातानाही हेच कार्ड मागतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. कपडे खाकी, मातकट घ्या. काळ्या-निळ्या रंगावर त्सेत्से माशी येते आणि ती जीन्समधूनही चावते. छोट्या विमानाने आत जाणार असाल तर सामान बहुतेक 15 किलोच्या आत, आणि तेही मऊ बॅगेत. दुर्बीण माणशी एक. चौघांत एक नेलीत तर बिबट्या झाडावरून उतरून जाईपर्यंत भांडण संपत नाही.

चिवडा, दशम्या न्या, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून नको. कॅरीबॅगवर केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे. डबे चालतात. भाषेची काळजी करू नका. सफारी हा स्वाहिली शब्द, प्रवास या अर्थाचा, आपल्या सफरीचा सख्खा भाऊ. गाडीला तिथे गारी म्हणतात, दुकानाला दुका, आणि चहा-चपातीला चाय-चपाती.

बहिणीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फेब्रुवारीच बरा वाटतोय रे, पण धाकट्याची तेव्हा दहावीची प्रॅक्टिकल्स." शेवटी या मे साठी क्रूगर ठरलं, भाड्याच्या गाडीने. पिल्लं बघायला पुढच्या फेब्रुवारीत ती आणि भावजी दोघंच जाणार आहेत. धाकट्याला हे अजून कळलेलं नाही.